नऊ घरांतला गारवा

गारपाट्या बसवायला शर्वरी स्वतः आली होती. तशी गरज नव्हती. कंपनीची दोन माणसं होती, शिडी होती, ड्रिल होतं. तिनं दारात उभं राहून सांगितलं असतं तरी काम झालं असतं. पण खोली आईबाबांची होती, म्हणून तिनं ओढणी कमरेला खोचली आणि शिडीवर चढून पहिली पाटी आपल्या हातानं छताला लावली.

तिचे वडील हरिदास लांजेवार पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. मांडीवरच्या पुस्तकावर छतातली भुकटी पडत होती आणि ते ती फुंकरीनं उडवत होते.

“बाबा, बाहेर बसा ना थोडा वेळ.”

“बाहेर पंचेचाळीस आहे,” ते म्हणाले. “इथं नुसती धूळ आहे.”

ज्योत्स्नाबाई पन्ह्याचे पेले घेऊन आल्या आणि मान वर करून पाहत राहिल्या. जेवायच्या पाटाएवढे पांढरे, चपटे, सीलबंद डबे एकाला एक लागून छतावर बसत चालले होते. “याला वायर कुठं आहे गं?”

“वायर नाही, आई.”

“पाणी?”

“पाणीही लागत नाही.”

“मग हे दिवसभर करते काय?”

“वितळते,” शर्वरी हसून म्हणाली आणि शिडीवरून उतरून तिनं पेला एका दमात संपवला.

ते खरंच होतं. बर्फ वितळताना भोवतालची उष्णता पिऊन घेतो, आणि पुरता वितळेपर्यंत स्वतः काही शून्याच्या वर चढत नाही. गारपाटीतला क्षार हेच काम करायचा, फक्त शून्याऐवजी एकोणतीस पूर्णांक चार अंशांवर. दुपारी खोली तापू लागली की क्षार वितळायचा आणि छतातून उतरणारी उष्णता गिळायचा. रात्री खिडक्या उघडल्या, हवा सत्तावीसवर आली, की तो पुन्हा गोठायचा आणि गिळलेली उष्णता बाहेर सोडून द्यायचा. सकाळी पाटी पुन्हा कोरी. सगळा खेळ रात्रीच्या त्या दोन-अडीच अंशांचा होता. विदर्भातल्या रात्री अलीकडे फारशा उतरत नसत. तेवढ्यात बसेल असा क्षार शोधून काढणं माणसाच्या हातून झालं नसतं. तो शोधला होता सर्वसारणी नावाच्या संगणक-प्रणालीनं.

सर्वसारणीचं नाव निघालं की हरिदास चष्मा पुसायला घेत.

त्यांची सगळी नोकरी नागपूरच्या एका संस्थेत गेली होती. संस्था रसायनांचं एक जाडजूड हँडबुक काढायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, मुंगीएवढी अक्षरं, आणि पानंच्या पानं रकाने: वितळणबिंदू, उत्कलनबिंदू, घनता, विद्राव्यता. जगभरातल्या प्रयोगशाळा मोजमापं छापायच्या आणि ती एकमेकांशी जुळायची नाहीत. एकाच पदार्थाचे पाच जणांनी पाच वितळणबिंदू दिलेले असत. त्यांतला कुठला घ्यायचा हे ठरवायला हरिदास आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण बसलेले होते. नमुना किती शुद्ध होता, थर्मामीटर कशाशी ताडून पाहिला, हे ज्यानं सांगितलं त्याच्याकडे त्यांचा ओढा असे. आधी छापलेल्या आकड्याशी ज्याचं फारच गोड जुळे, त्याच्याबद्दल त्यांना शंका येई. आणि कोणीच मोजलेलं नसलं तर त्या घरात एक आडवी रेघ मारायची. त्या रेघा त्यांना मनापासून आवडत. आम्हाला ठाऊक नाही, असं इतक्या नीटनेटकेपणानं कबूल करणारं दुसरं पुस्तक त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

सर्वसारणीनं त्या रेघा भरून टाकल्या. रेणूची रचना सांगा, ती गणित करून गुणधर्म सांगायची. जो पदार्थ अजून कोणी बनवलाच नाही, त्याचेही. सुरुवातीला लोकांनी ताडून पाहिलं. हरिदासांनीही एका द्रावकाच्या उत्कलनबिंदूवर लेखी आक्षेप घेतला होता. हँडबुकात दोन अंश वेगळा आकडा होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या छापला जात होता. मुद्दाम नव्यानं मोजमाप झालं. सर्वसारणी बरोबर निघाली. जुन्या लोकांचा नमुनाच थोडा ओलसर होता. त्यानंतर आक्षेप थांबले, मग मोजमापं थांबली, आणि मग संस्थेलाच कुलूप लागलं. जे विचारलं की लगेच कळतं, ते मोजायला माणूस आणि खोली कोण अडकवून ठेवणार? हरिदासांना त्यात अन्याय वाटला नाही. आपण इतकी वर्षं बहुधा चुकीच्याच माणसांवर विश्वास ठेवत आलो असू, असं मात्र त्यांना अधूनमधून वाटे.

शर्वरी सर्वसारणीवरच काम करायची. बापलेकींत यावरून कधी वाद झाला नाही. नुसतं बोलणं कमी झालं. लहानपणी ती त्यांच्या टेबलाखाली बसून रकान्यांतले आकडे मोठ्यानं वाचायची. आता फोनवर ती तब्येत विचारी, ते पाऊसपाणी सांगत, आणि मग फोन ज्योत्स्नाबाईंकडे जाई.

म्हणूनच ती शिडीवर चढलेली पाहून त्यांना आत कुठंतरी फार बरं वाटलं होतं.

पहिली दुपार स्वर्गासारखी गेली. पाट्या नागपूरच्या शीतगोदामातून गोठलेल्याच आल्या होत्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि आत ज्योत्स्नाबाई चादर ओढून झोपल्या. “शरूनं कमाल केली बाई,” त्या झोपेतच पुटपुटल्या.

दुसऱ्या दुपारी त्यांनी चादर बाजूला केली. तिसऱ्या दुपारी उठून बसल्या.

“अहो, गरम होऊन राहिलं ना.”

“उन्हाळा आहे,” हरिदास म्हणाले.

“ते मलाही माहीत आहे. पाटीचं काय झालं?”

“पाटी काम करते. तिचा आकडा बरोबर आहे. आपलं वय झालं, आपल्याला जास्त उकडतं.”

ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्या बनियनकडे पाहिलं. ते पाठीला चिकटलं होतं. “मग तुमचं वय माझ्याहून जास्त झालेलं दिसते,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शर्वरीचा फोन आला. “कसं वाटतंय, बाबा?” आवाजात लहानपणीची धाप होती, शाळेतून निकाल घेऊन धावत आल्यासारखी.

हरिदासांनी तोंड उघडलं. पण तोवर ज्योत्स्नाबाईंनी फोन घेतलाच होता. “अगं, मस्त! एकदम महाबळेश्वर. तुझे बाबा तर दुपारी घोरतात.”

“खरंच? बाबांना दे ना.”

फोन परत आला. समोर पलंगावर बायको डोळ्यांनी दटावत होती. “उत्तम आहे,” हरिदास म्हणाले.

एवढंच. त्यांच्या तोंडून असा शब्द सहसा निघत नसे, म्हणून असेल, पलीकडून शर्वरी हळूच म्हणाली, “थँक्यू, बाबा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा कूलर उतरवला, वाळ्याची ताटी झटकली, आणि पाण्याच्या टंचाईत निम्मी टाकी भरून तो लावला. शर्वरीचा फोन वाजला की ज्योत्स्नाबाई आधी कूलरचं बटण बंद करीत, मग फोन उचलत. दर रविवारी ती विचारी आणि दर रविवारी ही दोघं “उत्तम” सांगत. पुढंपुढं हरिदासांनी त्यात बारकावेही भरायला सुरुवात केली. “सकाळी जरा जास्तच गार असतं,” असं एकदा ते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःशीच ओशाळले.

वैशाख अर्धा झाला तेव्हा एका संध्याकाळी तिनं आपणहून सांगितलं, “बाबा, आंबेटोल्याचं नक्की झालं. बाळंतिणींचा दवाखाना. नवतपाचे ते नऊ दिवस तापायच्या आत पाट्या लागतील. येत्या मंगळवारी मी सही करते.”

“आंबेटोल्याचा? पत्र्याच्या छताचा?”

“तोच. वरच्या मजल्यावर बाळंतिणी असतात. दुपारी लाइट जाते, कूलर बंद, आणि नवजात बाळांना घामही धड येत नाही हो. मागच्या नवतपात तिथल्या नर्स ओली फडकी घेऊन रात्रंदिवस बसल्या होत्या. आता कूलर काढणार, त्या खिडक्यांना जाड झडपा बसवणार. दिवसा सगळं घट्ट बंद, रात्री उघडं. तरच पाटीचा फायदा होतो.”

“आणि चाचणी?”

“झाली ना. प्रयोगशाळेत वितळवून-गोठवून शेकडो फेऱ्या झाल्या. आणि घरातली तुम्हीच नाही का केलीत? आम्ही नऊ जणांनी आपापल्या आईवडिलांच्या घरी लावल्या. नऊच्या नऊ घरांतून ‘उत्तम’. एकसुद्धा तक्रार नाही. तुमचा शेरा मी स्वतः घातला.”

“थर्मामीटर नव्हता लावला कुठं?”

“थर्मामीटर कशाला, बाबा? आकडा तर आहेच.”

फोन ठेवून हरिदासांनी चष्मा पुसायला घेतला. नऊच्या नऊ. फारच गोड जुळत होतं.

“काय झालं?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. ज्योत्स्नाबाई खाली बसल्या. “मग आत्ता फोन करा तिला.”

“आणि काय सांगू? मला उकडतं म्हणून? माझी कातडी म्हणजे काही उपकरण नाही. मागं एकदा आक्षेप घेतला होता तेव्हा काय झालं ते ठाऊक आहे ना तुला? मीच चुकत असलो तर तिचं काम विनाकारण अडेल, आणि तिकडं बाळं पत्र्याखाली राहतील.”

“आणि तुम्ही बरोबर असले तर?”

हरिदासांनी फोनसाठी बंद केलेला कूलर पुन्हा लावला. ज्योत्स्नाबाईच मग म्हणाल्या, “मोजा ना मग. नोकरीभर दुसऱ्यांनी काय मोजलं तेच पाहत होते, एकदा स्वतः मोजा.”

एक जादा पाटी पलंगाखाली पडून होती. सकाळी त्यांनी तिचा कोपरा सुरीनं कापला आणि आतला पाण्यासारखा द्रव स्टीलच्या दोन पेल्यांत ओतला. कपाटातून संस्थेच्या काळातला थर्मामीटर काढला. बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का हे आधी पाहिलं, कारण त्याशिवाय त्यांच्याच्यानं पुढं जाववलं नसतं. मग एक पेला फ्रिजमध्ये ठेवला. क्षार गोठून खडीसाखरेसारखा झाला, तसा तो कोमट पाणी भरलेल्या भाताच्या गंजात बसवला आणि शेजारी स्टुलावर ते स्वतः बसले.

पारा चढत गेला, आणि खडा कडेनं पाझरू लागल्यावर थांबला. एकोणतीस पूर्णांक चार. खडा पुरता वितळेपर्यंत तो तिथून हलला नाही.

सर्वसारणी पुन्हा बरोबर होती. हरिदासांनी चष्मा काढून डोळे चोळले. लाज वाटली आणि सुटकाही झाली. म्हणजे उकाडा आपल्याच अंगात होता. बरं झालं, फोन नाही केला.

पेला तसाच सोडून, गंजात माठाचं पाणी ओतून ते जेवायला उठले. पाणी सव्वीसवर होतं. क्षार आपला आपण गोठेल, मग फेकून देऊ.

जेवून आले तर क्षार पातळच होता. त्यांनी आणखी माठाचं पाणी घातलं. पेपर वाचला. क्षार पातळच. ज्योत्स्नाबाईंनी डुलकी काढली, उठल्या, चहा टाकला, आणि क्षार पेल्यात पाण्यासारखा चकाकत होता. गोठायच्या अंशाच्या खाली तीन अंश उतरूनही त्याला गोठायची आठवण झालेली नव्हती. दुसरा, फ्रिज न पाहिलेला पेलाही त्यांनी गंजात ठेवून पाहिला, तोही तसाच. फ्रिजमध्ये ठेवला की मात्र दोन्ही पेले बघता बघता दगड.

आता त्यांना सगळं कळलं, आणि कळल्याचा आनंद काही झाला नाही.

द्रवाला गोठायचं असेल तर कुठंतरी पहिला कण जमावा लागतो. तो जमला की बाकीचे त्याच्याभोवती रांगेनं बसतात. पण काही द्रवांत तो पहिला कणच लवकर जमत नाही. अंश खाली गेला तरी ते पातळच राहतात, वाट पाहत, आणि बरीच थंडी पडली की एकदम गोठतात. वितळायचा आकडा आणि गोठायचा आकडा कागदावर एक, प्रत्यक्षात दोन. सर्वसारणीला विचारलं होतं ते वितळण्याबद्दल, आणि तिनं सांगितलेलं खरं होतं. वाट पाहण्याचा रकाना तिच्यात नव्हता. जुन्या हँडबुकात असल्या गोष्टी पानाच्या तळाशी, बारीक टिपेत असत. आकडे यंत्रात भरताना टिपा कोणी भरल्या नव्हत्या. आणि प्रयोगशाळेतल्या त्या शेकडो फेऱ्या? एका रात्रीला एक फेरी धरली तर वर्षं गेली असती. पोरांनी घाईनं क्षार फ्रिजमध्ये गोठवला असणार, दर वेळी. तो दर वेळी गोठला.

आणि उरलेली एकच जागा, जिथं तो रात्रीच्या साध्या हवेत खरोखर टांगलेला होता, ती नऊ घरांची. तिथून ‘उत्तम’ आलं होतं.

शनिवारी शर्वरी आली. फोनवर त्यांनी फक्त “ये” म्हटलं होतं, आणि ते कधी असं म्हणत नसल्यामुळं ती घाबरून आली. दारातच तिनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मग आतून येणारा घर्र आवाज तिला ऐकू आला.

“कूलर?” ती म्हणाली.

“बस आधी,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

हरिदासांनी बसायला सांगितलं नाही की प्रस्तावना केली नाही. जमलंच नसतं. “पाटी चालत नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवसापासून चालत नाही. मी तुला खोटं सांगितलं.”

शर्वरी उभीच राहिली. “दर रविवारी?”

“दर रविवारी.”

“सकाळी जरा जास्तच गार असतं म्हणालात. मी ते लिहून घेतलं, बाबा. मीटिंगमध्ये वाचून दाखवलं.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “दुसऱ्या कोणाचं असतं तर मी दोनदा विचारलं असतं. तुमचं होतं म्हणून नाही विचारलं.”

त्यांना खाली पाहावंसं वाटलं, पण ते तिच्याकडेच पाहत राहिले.

“काहून केलं असं, आई?”

“तू शिडीवर चढली होतीस ना गं,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “एवढ्या उन्हाची. कसं सांगायचं?”

शर्वरीनं कपाळाला हात लावला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, आणि तिनं त्या नऊ जणांतल्या एकाला फोन लावला. “पराग? तुझ्या आईला फोन लाव. नाही, आत्ताच. पाटीबद्दल विचार, आणि तिला तुझी शपथ घाल. हो, शपथ. आणि बाकीच्यांनाही सांग.”

कांदे चिरून, भाकरी होऊन पानं वाढेपर्यंत फोन येत राहिले. परागची आई आधी रडली आणि मग म्हणाली की ती शेजारणीकडे झोपायला जाते. कामठीच्या काकांनी पाटी आल्याच्या आठवड्यातच गुपचूप एसी घेतला होता. वर्ध्याचे एक गृहस्थ म्हणाले, पाटी फार सुंदर आहे, पण आम्ही गच्चीवर असतो. एका मावशीनं ‘उत्तम’ म्हटल्याचं खापर सुनेवर फोडलं. शेवटचा फोन ठेवून शर्वरी पाटावर बसली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

“नऊच्या नऊ,” ती म्हणाली. “बाबा, आम्ही जगातली सगळ्यात वाईट प्रयोगशाळा निवडली.”

“जेव,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर तिनं पेले पाहिले, थर्मामीटर पाहिला, स्वतःच्या हातानं एकदा सगळं करून पाहिलं. क्षार पातळ राहिला. मग ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. हरिदासांना आतून तिचा आवाज येत होता. आधी आंबेटोल्याच्या मुख्य नर्सला: “कूलर काढू नका, सिस्टर. झडपाही नको. हो, माझा शब्द मीच मागं घेतेय.” मग साहेबांना. तिकडचा माणूस बराच वेळ बोलत असावा.

“आकडा बरोबर आहे, सर,” शेवटी ती म्हणाली. “पाटी चालत नाही. मी सही करणार नाही.”

ती आत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. नोकरीचं काय होणार ते तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. हरिदासांनी नुसतं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“तुझ्या सर्वसारणीला एक विचारता येईल?” ते चाचरत म्हणाले. “म्हणजे, मला नीट माहीत नाही. पण क्षाराला पहिला कण जमवता येत नसेल, तर बाहेरचा देता येतो. दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा बारीक दाणा, ज्याच्या स्फटिकाची आतली मापं याच्याशी जुळतात. हा त्याला आपला समजतो आणि त्यावर बसायला लागतो.”

“म्हणजे विरजण,” ज्योत्स्नाबाई भांडी आवरताना म्हणाल्या.

“तसंच समज.”

“मग त्याला एवढं मोठं पुस्तक काहून लागते?”

“कुठल्या घरचं विरजण लागेल, ते पाहायला.”

शर्वरीनं सर्वसारणीला विचारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिनं भलीमोठी यादी दिली. हरिदासांनी माळ्यावरून हँडबुक उतरवलं. स्फटिकांच्या मापांची सारणी मागच्या भागात होती. शर्वरी यादीतलं एकेक नाव वाचू लागली, आणि ते पापुद्र्यासारखं पान बोटानं धरून दुसरं बोट रकान्यातून खाली नेऊ लागले.

“हा?”

“विद्राव्यता बघ. विरघळून जाईल, दाणा उरणारच नाही.”

“मग हा?”

“विषारी. बाळांच्या डोक्यावर नको.”

“हा तरी?”

“रेघ आहे,” ते म्हणाले. “कोणी मोजलेलं नाही. तुझी काय म्हणते?”

“ती म्हणते, जुळेल.”

“मग असू दे यादीत. करून पाहू.”

ती थांबली. “बाबा, तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवताय?”

“तिचं वाईट काय आहे? पुष्कळदा बरोबर असते.” त्यांनी पान उलटलं. “माझी काळजी वेगळी होती. तिला कोणी उलट सांगायला राहिलं नाही. मी होतो, तर मीही उत्तम म्हणून बसलो.”

शर्वरीनं स्टूल जरा जवळ ओढलं आणि पुढचं नाव वाचलं.

साहेबांनी तिला कामावरून काढलं नाही. दुसऱ्या विभागात पाठवलं आणि पाट्यांचं काम थांबवलं. पण क्षाराचे डबे गोदामात पडूनच होते, आणि सुट्टीच्या दिवशी घरी काय करावं हे कंपनी सांगू शकत नव्हती. ती नागपूरच्या रसायनांच्या दुकानातून पुड्या घेऊन यायची. स्वयंपाकघराचा ओटा अर्धा ज्योत्स्नाबाईंचा आणि अर्धा यांचा झाला. पहिला दाणा विरघळला. दुसऱ्यानं तळाशी गाळ केला. तिसऱ्यानं एकदा काम केलं आणि पुन्हा वितळवल्यावर केलंच नाही. ज्या पदार्थाच्या घरात रेघ होती, तोही वाया गेला. तिकडे आंबेटोल्यात लाइट जात होती, आणि नर्स फडकी ओली करीत होत्या. मुख्य नर्स दर दोन दिवसांनी शर्वरीला फोन करायच्या. बोलायच्या गोड, पण विचारायच्या एकच: “मग कधी?”

नवतपा तोंडावर आला असताना, एका दुपारी त्यांनी स्ट्रॉन्शियमचा एक साधा क्षार घेतला. फटाक्यांना लाल रंग देतात, तो हा धातू. चिमूटभर पूड पाटीतल्या क्षारात मिसळून त्यांनी तो पिशवीत भरला. वितळवून, गोठवून, पुन्हा वितळवून ती आधी दमवली होती. आता ती सव्वीस अंशांच्या पाण्यात सोडली आणि थर्मामीटरचं टोक पिशवीत खुपसलं.

पारा उतरला. एकोणतीसच्या खाली गेला. अठ्ठावीस. सत्तावीसच्या जवळ.

“नाही होत वाटतं,” हरिदास म्हणाले.

“थांबा ना, बाबा.”

पिशवीच्या तळाशी एक धुरकट ठिपका दिसला. त्यातून सुया फुटल्या, फ्रीजरमधल्या हिमासारख्या, आणि पाहता पाहता सगळ्या पिशवीभर पसरल्या. शर्वरीनं पाण्यात हात घालून पिशवी धरली आणि चमकून वडिलांकडे पाहिलं. “गरम होतेय.”

“होणारच. दिवसभर घेतलेलं सगळं आता परत देते आहे.” त्यांनीही हात घातला. गोठणारी पिशवी दोघांच्या तळव्यांत नुकत्याच उठलेल्या लेकरासारखी उबदार लागत होती. ज्योत्स्नाबाई ओट्यापाशी आल्या आणि त्यांनीही पिशवीला बोट लावून पाहिलं.

“ही एकदा गोठली,” हरिदास थोड्या वेळानं म्हणाले. “रोज वितळवून, रोज साध्या हवेत गोठवून पाहावी लागेल. आंबेटोल्यात आधी एकाच खोलीत लाव. कूलर तसेच राहू देत. प्रत्येक भिंतीला थर्मामीटर. आणि बाळंतिणींना ‘कसं वाटतं’ विचारू नकोस. त्या बिचाऱ्या तुला वाईट वाटू नये म्हणून काहीही सांगतील.”

“तुम्ही याल का वाचायला?”

“माझे डोळे आता तसे राहिले नाहीत.”

“मी असेन ना सोबत.”

त्यांनी मान हलवली, हो की नाही ते त्यांनाही नक्की कळलं नसावं. मग थर्मामीटरकडे बोट केलं. “पारा परत चढून थांबलेला दिसतो. तू वाच. माझा भरवसा नाही.”

शर्वरी वाकली. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून तिनं बराच वेळ पाहिलं.

“एकोणतीस पूर्णांक एक,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “सारणीत पूर्णांक चार आहे, बाबा. चारच लिहू का? एवढा फरक तर...”

“तुला काय दिसलं?”

“एक.”

“मग एक लिही,” हरिदास म्हणाले, आणि ती लिहीपर्यंत त्यांनी पिशवी धरून ठेवली.